गाडी उजळाईवाडीला उभी होती

दिल्या, चौकात तुझा फ्लेक्स लागलाय. बघितला असतास तर बांबूवर चढून स्वतःच्या हातानं फाडला असतास.

चांगला घराएवढा आहे. मधोमध तू, तुझ्या पुतण्याच्या लग्नातला, फेटा बांधलेला. शेजारी मी उभा होतो, मला कापून टाकलंय, तुझ्या खांद्यावर माझी चार बोटं तेवढी राहिलीत. तुझ्या डोक्यामागं हेलिकॉप्टर. पांढरंशुभ्र, निळ्या पट्ट्याचं, कुठल्यातरी बर्फाच्या डोंगरावरनं उडतंय. वर लिहिलंय, 'रुग्णसेवेचा सारथी हरपला'. खाली कंपनीचं नाव तुझ्या नावापेक्षा मोठं, मग 'शोकाकुल', आणि शोकाकुलांत पहिलं नाव माझं. रफिक, विभागीय प्रमुख. परवा तालमीतला एकजण मला विचारत होता, "दिलीपराव हेलिकॉप्टर चालवत हुते व्हय?" सारथी म्हटलेलं तर तुला मुळीच चाललं नसतं. "डायवर म्हणा की सरळ," म्हणाला असतास आणि वर दोन शिव्या.

मी तो फ्लेक्स काढायला सांगितलेला नाही. तुला जाऊन सत्तावीस दिवस झाले आणि या सत्तावीस दिवसांत मी बऱ्याच गोष्टी केलेल्या नाहीत. काल तुझ्या घरात एक केली. ती तुला सांगायला बसलोय, पण तिथपर्यंत यायला मला जरा वेळ लागेल. ऐकून घे. तुला कधी कुणाचं पुरतं ऐकून घ्यायची सवय नव्हती, आता सुटका नाही.

आपण सुरुवात केली ती एका जुन्यापान्या ओमनीवर. मागची सीट काढून स्ट्रेचर बसवलेलं, ते पण डावीकडं कललेलं. तू चालवायचास, मी फोन धरायचो. आणि भांडण पहिल्या दिवसापासनं. रस्ता मोकळा असला की तू सायरन बंद करायचास. मी म्हणायचो, अरे वाजू दे की, लोकांना कळू दे आपली गाडी पळतीया. तू म्हणायचास, "आत झोपल्याला माणूस ऐकतोय न्हवं. त्येला वाटतंय आपुन चाललोच. गप बस." सायरन बंद करून तू पेशंटशी गप्पा मारायचास. गाव कुठलं, ऊस कुठल्या कारखान्याला, म्हसरं किती. बालिंग्याच्या पुढं एकदा एक म्हातारबा शुद्धीवर आले ते तुझ्याशी भांडायलाच, म्हैस मुऱ्हा चांगली का पंढरपुरी यावरनं. दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर उतरवलं तरी मान वळवून तुला म्हणत होते, "तुला काय कळतंय रं म्हशीतलं?" तू आठवडाभर ते सगळ्यांना सांगत हिंडलास. त्या गाडीतल्या डेटॉलच्या वासासकट मला ते दिवस परत पाहिजेत. पण कोण देतंय.

आणि आपला तो शब्द. आपला म्हणजे दवाखान्याच्या दारात उभ्या राहणाऱ्या सगळ्याच गाडीवाल्यांचा. फोन आला की तोंडातनं पहिलं बाहेर पडतं, "निघाली." गाडीचं चाक काढून ठेवलेलं असू दे, ड्रायव्हर मिसळ खात असू दे, "निघाली". नाही म्हटलं तर समोरचा माणूस घाबरतो, दुसऱ्याला फोन लावतो, आणि दुसरा तरी कुठं निघालेला असतोय? निघाली म्हटलं की त्या घरात जरा धीर येतो. कोण चादर शोधतं, कोण फाईल शोधतं. त्यात पाप आहे असं आपल्याला कधी वाटलं नाही. कोल्हापुरात अंघोळीला बसलेला माणूस सुद्धा फोनवर "पोचलोच" म्हणतो.

पण तू एक कायदा घातला होतास. पहिल्याच वर्षी, हायवेवर एका जखमी माणसाचं डोकं मांडीवर घेऊन तू दुसऱ्या गाडीची वाट बघत बसला होतास आणि मी तुलाच सवयीनं "निघाली" म्हणून सांगितलं. नंतर येऊन माझी कॉलर धरलीस, भर रस्त्यात. "पार्टीला काय बी सांग. मला खरं सांगायचं. आपसांत खरं, रफ्या." त्यानंतर वीसेक वर्षं मी ते पाळलं. तुला नेहमी खरं सांगितलं. पंक्चर आहे, तर पंक्चर आहे. ड्रायव्हर पिऊन पडलाय, तर पडलाय. एकदा सोडून नेहमी.

मग ती हॉटेलातली मीटिंग, पेशंट विमानानं नेणाऱ्या कंपनीची. तू आलास तो माझ्या भिडेनं. पुण्याहून आलेले साहेब, आपल्या धाकट्या भावाच्या वयाचे, पडद्यावर नकाशा लावून बोलत होते. "कोल्हापूर हे झोपलेलं मार्केट आहे. इथं साखर आहे, दूध आहे, पैसा आहे. आणि मोठ्या आजाराला माणूस मुंबईला नाहीतर हैदराबादला पळतो. हे मधलं जे अंतर आहे ना, तेच आपलं प्रॉडक्ट." मला ते वाक्य इतकं आवडलं की मी डायरीत उतरवून घेतलं. अजून आहे डायरीत. थू माझ्यावर.

नकाशावर प्रत्येक तालुक्यावर एक एक छोटं हेलिकॉप्टर काढलेलं होतं. तू हात वर केलास. मी खालनं तुझा शर्ट ओढत होतो.

"पावणं, ह्ये गगनबावड्यावर जे हेलिकॉप्टर काढलंय, ते पावसात उतरतंय व्हय?"

साहेब हसले. "वेदर चांगलं असेल तेव्हा उतरेल."

"मग चार म्हयनं पेशंटला काय सांगायचं? जरा दम धरा, गणपतीनंतर आजारी पडा?"

सगळा हॉल हसला. साहेब पण हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. जेवायला तांबडा-पांढरा होता. तू दोन वाट्या पांढरा प्यालास आणि परत येताना गाडीत म्हणालास, "रस्सा बरा हुता. बाकी समद्या थापा."

थापा नव्हत्या, दिल्या. तू या बाबतीत चुकलास, आणि तोंडावर कधी सांगायचं धाडस झालं नाही म्हणून आता सांगतो. मार्केट खरंच उघडलं. लोकांनी कंपनीची कार्डं घेतली, आजारपणात विमान बोलवायची, रांगा लावून घेतली. आपल्याकडं आता एकसष्टीला पोरं बापाला विमानाचं कार्ड देतात, शाल-श्रीफळाबरोबर, फोटो काढून. बाप ते पाकिटात ठेवून गावात दाखवत फिरतो, की उद्या मला काय झालं तर मी आभाळातनं जाणार. आणि काहीजण खरंच गेले आणि खरंच वाचले. कबनूरची ती पोरगी घे. बाप यंत्रमागावर, पोरीच्या काळजाला जन्मापासनं भोक. सगळ्या कबनूरनं मदत गोळा केली, कंपनीनं फोटोसाठी का होईना सवलत दिली, आणि तिला विमानतळापर्यंत कोण घेऊन गेलं? तूच. तीन महिन्यांनी ती चालत आली, तोंडाला चॉकलेट फासून, आणि तू तिला डोक्यावर बसवून दवाखान्याच्या आवारात नाचलास. तेव्हा मी म्हटलं होतं, आता तरी मान. तू म्हणालास, "माझं विमानाशी वाकडं न्हाई, रफ्या. विमान कुणासाठी येतंय ह्येच्याशी हाय."

मग ती मोठी गाडी आली. व्हेंटिलेटर, मॉनिटर, आत उभं राहता येईल एवढी उंच. कंपनीची गाडी, चालवायची आपण. अट एकच. ज्या दिवशी विमान येणार त्या दिवशी गाडी उजळाईवाडीला, विमानतळाच्या दारात. विमानातनं डॉक्टर उतरणार, त्यांना घेऊन आपली गाडी शहरातल्या दवाखान्यात जाणार, पेशंटला घेऊन परत विमानापाशी येणार. विमान टेकायच्या आधी गाडी तिथं पाहिजे आणि तिथनं हलायचं नाही. तू तो कागद दोनदा वाचलास.

"म्हंजे रिकामी गाडी उभी करून ठेवायची? आणि हिकडं कोण मराय लागला तर?"

"असं कधी हुतंय व्हय?" मी म्हणालो.

"हुतंय की. आपला धंदाच त्यो हाय."

तेवढ्यावर भागलं नाही. तू म्हणालास, मी सायबाच्या दारातला भालदार झालोय. मी म्हणालो, तुला पुढं जाणाऱ्याचे पाय ओढायची खोड आहे, आपण नाही घेतलं तर सांगलीचा कोणीतरी घेईल. सांगलीचं नाव काढल्यावर तू आणखीनच भडकलास. शेवटी तू आपली जुनी गाडी घेतलीस आणि गगनबावड्याला जाऊन उभा राहिलास. म्हणालास, घाटात माणसं आपटत्यात, वाड्या-वस्त्यांवरच्या बाया अडत्यात, तिथं एक गाडी पाहिजेच. मी म्हटलं, "तिथं काय धुकं खाऊन जगणार हाईस?" तू म्हणालास, "तू आभाळ खा की." महिनाभर बोललो नाही आपण. मग तूच फोन केलास, म्हणे पारूबाईच्या हॉटेलात खर्डा असा मिळतोय की डोळ्यांतनं पाणी, येऊन जा. त्यानंतर रोज संध्याकाळी फोन. तू तिकडनं पेशंट पाठवायचास, मी इकडं दवाखान्यात खाट मिळवून ठेवायचो. वेगळे होऊन सुद्धा आपण एकच धंदा करत होतो. एवढं मात्र बरं झालं. त्यासाठी तुझे आभार मानायचे राहिले.

आता त्या सकाळचं सांगतो.

हैदराबादहून विमान यायचं होतं. एका मोठ्या घरातल्या आजी, लिव्हरचं दुखणं. आजींचा काही दोष नाही, त्या दवाखान्यात खाटेवर बसून नातीकडनं वेणी घालून घेत होत्या, मी सकाळी बघून आलो होतो. "पोरा, च्या घेतलास का?" म्हणून विचारलं त्यांनी मला. मी उजळाईवाडीला, मोठी गाडी दारात, रिकामी. बंडू ड्रायव्हर स्टिअरिंगवर. ढग इतके खाली की विमानतळाची इमारत सुद्धा अर्धी दिसत होती. पावणेदहाला तुझा फोन आला.

"रफ्या, छातीत आवळून आल्यागत हुतंय. डावा हात बी. घाम सुटलाय. माझी गाडी बदली डायवर बाळंतिणीला घेऊन गेलाय, अडलीया ती. सरकारी गाडी घाटात अपघाताला गेलीया. तुझी मोठी गाडी कुठं हाय?"

"निघाली," मी म्हणालो.

काय झालं मला त्या क्षणी, देवाशप्पथ सांगता येत नाही. तोंडातनं निघून गेलं. वीस वर्षांची जीभ. पण दुसऱ्या क्षणाला सुधारता आलं असतं की. गाडी इथं उभी आहे, तू पारूबाईच्या नवऱ्याच्या बोलेरोत बस आणि ये, एवढंच म्हणायचं होतं. नाही म्हटलं. तुझं नाव ऐकून बंडूनं गाडी चालू केली होती. मी हातानं खूण केली, बंद कर. मला वाटलं, विमान दहा मिनिटांत टेकेल, डॉक्टर उतरले की त्यांना दुसऱ्या गाडीनं नेऊ आणि ही सोडू. साहेबांना मी फोन करून विचारलं सुद्धा नाही. ते नाही म्हणाले असते तर निदान त्यांना शिव्या घालता आल्या असत्या. मी आपणहून थांबलो. बाकीच्या गाडीवाल्यांना फोन लावले, एक कागलला, एक मिरजेला. तिसरा म्हणाला, "निघाली." त्या शब्दाचा अर्थ मला कळत होता, म्हणून मी त्याचा नाद सोडला.

सव्वादहाला तुझा दुसरा फोन. "कुठवर आली?" मी म्हणालो, "कळ्याला पोचली." बघ कसं असतं. एकदा गाडी काढली की तिला पुढं न्यावीच लागते. ती तुझ्याकडं यायला लागली होती, बालिंगा झालं, कळे आलं, फक्त ती उजळाईवाडीला उभी होती.

साडेदहाच्या पुढं विमान वर दोन घिरट्या घालून बेळगावला गेलं. उतरलंच नाही. मी बंडूला म्हटलं, पळ. तो माझ्याकडं न बघता गेला. त्याच वेळी तुझा तिसरा फोन आला. फार बोलला नाहीस, श्वास ऐकू येत होता. "बंडूला सांग, मांडुकलीला रस्त्यावर पाणी हाय. जोरात घालू नको म्हणावं. सांभाळून." आणि फोन ठेवलास.

पुढचं मला पारूबाईनं सांगितलं, तुझी हॉटेलवाली. स्मशानात बायकांनी यायचं नसतं म्हणून ती बाहेर रस्त्यावर उभी होती, तिथंच सांगितलं. तिचा मालक पावणेदहापासनं बोलेरो दारात लावून उभा होता. तू नको म्हणालास. "मोठी गाडी येतीया, आत समदं हाय, आपुन निघालो तर चुकामूक हुईल." हा पण आपल्याच धंद्यातला नियम, चांगली गाडी येत असली की पेशंट हलवायचा नाही. तासभर तू तिच्या हॉटेलातल्या बाकड्यावर पडून होतास. तिसरा फोन ठेवला आणि म्हणालास, "काढा बोलेरो." पारूबाईनं तुझं डोकं मांडीवर घेतलं. समोरनं पांढरं काही दिसलं की ती म्हणायची, आली बघा. दुधाचा टेम्पो निघायचा. "त्येनी एकदा बी भाईर बघितलं न्हाई," ती म्हणाली. असळज ओलांडलं आणि तू गेलास. बंडू तुम्हाला साळवणला भेटला. त्यानं व्हेंटिलेटर लावला, मॉनिटर लावला, सगळं लावलं. गाडीत सगळं होतं.

तू बोलेरोत पावणेदहाला बसला असतास तर अकरापर्यंत दवाखान्यात. मी रोज तो रस्ता डोक्यात तुला घेऊन उतरतो. रोज पोचतोस तू.

स्मशानात कोणीतरी म्हणालं, "मांडुकलीला पाणी हुतं न्हवं, गाडी अडकली असणार." सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. बोललो सुद्धा नाही, दिल्या, नुसती मान. तेवढ्यानं ती गोष्ट पक्की झाली. रक्षाविसर्जनाच्या दिवशी सुरेखावहिनी बायकांना सांगत होत्या, "रफिकभावजींनी लगीच गाडी सोडलीती. पाणी आडवं आलं, त्येला ते तरी काय करणार?" आणि सगळ्यांच्या आधी मला चहा दिला. मी प्यालो. गोड होता. पुरा प्यालो.

पुढच्या आठवड्यात साहेब आले समाचाराला. पाच मिनिटं हात जोडून बसले, बाहेर पडल्यावर गाडीपाशी मला म्हणाले, "रफिकभाई, या दुःखातून काहीतरी चांगलं घडलं पाहिजे." घाटाकडचे तालुके नवीन उघडायचे आहेत, गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी. दोन मिनिटांची फिल्म करायची. वहिनींनी कॅमेऱ्यासमोर एकच वाक्य बोलायचं, त्या दिवशी हेलिकॉप्टर असतं तर माझा माणूस वाचला असता. बदल्यात वहिनींना ऑफिसात नोकरी.

मी म्हणालो, "साहेब, त्या दिवशी पाऊस असा होता की कावळा उडत नव्हता."

"जाहिरातीत पाऊस दाखवायचा नसतो," ते म्हणाले.

मी डोक्यात हिशेब मांडला. नोकरी लागतेय वहिनींना, लागू दे. तुझ्या माघारी घर चालायला पाहिजे. हे असलं कारण मिळालं की माणसाला किती बरं वाटतं म्हणून सांगू! माझं तोंड बंद राहणार आणि वर पुण्य लागणार. मीच गेलो वहिनींना विचारायला. मीच पटवलं.

काल सकाळी तुझ्या पुढच्या खोलीत दिवे लावले त्यांनी. तुझ्या पलंगाची जागा बदलली. तुझा खाकी शर्ट खुंटीवर दिसला पाहिजे म्हणून इस्त्री करून परत अडकवला. तू जन्मात कधी इस्त्रीचा शर्ट घातला होतास? वहिनींना खुर्चीत बसवलं, पदर नीट करायला लावला. कॅमेऱ्यावाल्यानं वाक्य समजावलं. त्यांनी ते एकदा मनात म्हणून बघितलं, ओठ हलले. मग माझ्याकडं वळल्या.

"भावजी, ह्ये खरं हाय न्हवं? तुमी म्हणत असला तर बोलते. त्येंच्या नावावर खोटं नगं माझ्या तोंडात."

साहेबांनी माझ्याकडं बघून हसून मान डोलावली. आता मला पण तेवढंच करायचं होतं. मान तर मला हलवता येते.

"न्हाई वहिनी," मी म्हणालो. "हेलिकॉप्टर त्या पावसात आलंच नसतं. आणि गाडी पाण्यात बी अडकली न्हवती. तासभर ती उजळाईवाडीला रिकामी उभी हुती, माझ्यासमोर. मी दिल्याला निघाली म्हणून सांगितलं. त्यो तिची वाट बघत बसला."

साहेब म्हणाले, "कट, कट, बंद करा ते."

वहिनी कॅमेऱ्यावाल्याला म्हणाल्या, "बंद करू नगा." आवाज चढवला नाही त्यांनी. मग मला म्हणाल्या, "परत सांगा. पयल्यापासनं. किती वाजता काय बोलला, समदं सांगा."

मी सांगितलं. पावणेदहा, सव्वादहा, साडेदहा. बंडूला केलेली खूण सांगितली. विमान सांगितलं, आजी सांगितल्या, स्मशानातली मान सांगितली, चहा सांगितला. साहेब मधेच उठून बाहेर गेले, फोन कानाला लावून. नोकरी गेली, वहिनींची आणि माझी पण. वहिनी रडल्या नाहीत. मला हाकलून काढलं असतं, थोबाडीत दिली असती, तर मी आता एवढं लिहीत बसलो नसतो. त्या तुझ्या शर्टाकडं बघत होत्या. मग त्यांनी एकच विचारलं.

"त्येंना कळलं हुतं का, भावजी? गाडी येत न्हाई ह्ये?"

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नव्हती, दिल्या. दुसऱ्या फोनला मी तुला कळ्याला पोचली म्हणालो तेव्हा बंडू माझ्या खांद्याला खांदा लावून उभा होता आणि ओरडला होता, "मालक, मी जातो की, सोडा मला!" बंडूचा आवाज. तू शिकवलेला ड्रायव्हर, तो ओरडला तर अख्खी पेठ ओळखते. तू ऐकलंस ते. मग "बरं" म्हणालास. शिवी दिली नाहीस. कॉलर धरणारा माणूस तू, नुसतं "बरं" म्हणालास. तरी आणखी वीस मिनिटं थांबलास बाकड्यावर, मी फोन करून खरं सांगेन म्हणून. मी केला नाही. मग तूच केलास, आणि मला मांडुकलीच्या पाण्याचं सांगितलंस.

वहिनी वाट बघत होत्या.

"न्हाई," मी म्हणालो. "त्येला कायबी कळलं न्हवतं."